४६ क्रमांकाची कळ

पोलिश भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, पण इंग्रजीत नसलेली नऊ अक्षरे तिच्यात आहेत. कुणाला खाली शेपटी, कुणाच्या डोक्यावर तिरकी रेघ, एकावर टिंब, तर एकाच्या पोटातून तिरका छेद. २०१५ साली 'मीडियम' या लेखनाच्या संकेतस्थळाकडे पोलिश वापरणाऱ्यांची एक विचित्र तक्रार आली. नवातली आठ अक्षरे नीट उमटत होती. नववे, म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'एस', काही केल्या उमटत नव्हते. चुकीचे अक्षर येत नव्हते, चौकोन किंवा प्रश्नचिन्हही येत नव्हते. कळ दाबली तरी पडदा जणू ती दाबलीच नाही असा स्वस्थ राहत होता. तिथे काम करणारे मार्चिन विहारी हे स्वतः पोलंडचे. त्यांनी या एका अक्षराचा माग काढला आणि त्याची हकीकत प्रसिद्धही केली.

ही हकीकत वाचताना आम्हांला आमचीच एक संध्याकाळ आठवली. २००९ च्या पावसाळ्यात आम्ही प्रयोगशाळेतल्या एका लिनक्स संगणकावर प्रकल्पाचा मराठी गोषवारा टंकलिखित करीत होतो. प्रत्येक परिच्छेद संपला की कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबून मजकूर सेव्ह करायचा, ही आमच्या बोटांना लागलेली जुनी सवय. चौथ्या पानावर वीज गेली. ती आल्यावर फाइल उघडली, तर आत फक्त इंग्रजी शीर्षक होते. शीर्षक लिहिताना कळफलक इंग्रजीवर होता. त्यानंतर तो मराठीवर नेला आणि तिथून पुढे आम्ही दाबलेल्या एकाही 'कंट्रोल एस'ला त्या प्रोग्रॅमने दाद दिली नव्हती. तक्रारही केली नव्हती, म्हणूनच आम्ही बेसावध राहिलो.

पोलंडमध्ये 'एस'ची कळ अक्षर देईना, आमच्याकडे तीच कळ सेव्ह करीना. दोन्ही घटनांचे मूळ एकच आहे. ते समजण्यासाठी कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत काय घडते ते पाहू.

पहिली गोष्ट ही, की कळफलकाला अक्षरे कळत नाहीत. कळेवर छापलेले अक्षर ही आपल्या डोळ्यांसाठी केलेली सोय आहे. कळ दाबली की संगणकाकडे जातो तो तिच्या जागेचा क्रमांक. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या क्रमांकांत अक्षरांच्या सर्वांत वरच्या ओळीतली डावीकडची कळ १६ क्रमांकाची. तिच्यापासून उजवीकडे १७, १८, १९ असे मोजत जायचे. सर्वांत खालच्या ओळीतल्या डावीकडच्या चार कळा ४४, ४५, ४६ आणि ४७. इंग्रजी मांडणीत या चार कळांवर झेड, एक्स, सी, व्ही ही अक्षरे असतात. पण ४४ या आकड्यात 'झेड'पणा काहीही नाही. वर्गात बाकांना क्रमांक द्यावेत तसे हे क्रमांक आहेत. बाकावर कोण बसले आहे ते त्यातून समजत नाही.

कोण बसले आहे हे सांगणारा तक्ता संगणकाच्या कार्यप्रणालीत असतो. आपण कळफलक 'मराठी' किंवा 'जर्मन' निवडतो तेव्हा हा तक्ता बदलतो, कळफलक तोच राहतो. जर्मन मांडणीत झेड आणि वाय यांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे ४४ वर वाय बसतो आणि झेड वरच्या ओळीत २१ वर जातो. फ्रेंच मांडणीत ४४ वर डब्ल्यू आहे आणि झेड १७ वर. आपल्या इनस्क्रिप्ट मांडणीत ४५ वर अनुस्वार, ४६ वर म आणि ४७ वर न. इनस्क्रिप्ट ही १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून स्वीकारलेली मांडणी. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे, आणि सर्व भारतीय लिप्यांत समान वर्ण समान जागी, अशी तिची शिस्तबद्ध रचना आहे. इंग्रजी मांडणीशी तिने नाते ठेवलेले नाही आणि ते योग्यच झाले. इंग्रजी 'के'च्या कळेवर नेमका 'क' यावा, हा आमच्या मते योगायोग आहे. शेजारची 'जे'ची कळ 'र'ची आहे, तिथे हे नाते लगेच तुटते.

म्हणजे एका कळेला निदान दोन ओळखी आहेत, जागा आणि अक्षर. आता प्रश्न असा : 'कंट्रोल आणि सी दाबा म्हणजे मजकुराची नक्कल होईल' असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा आपल्याला काय म्हणायचे असते? ४६ क्रमांकाची कळ, की सी हे अक्षर? इंग्रजी मांडणीत दोन्ही एकच असल्याने हा प्रश्न कुणाला पडत नाही. बहुतेक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही तो पडलेला नसतो.

गंमत अशी की ज्यांनी हे शॉर्टकट रूढ केले त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या. अमेरिकन संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मजकूर कापण्या-चिकटवण्याची पद्धत विकसित केली. पुढे ते ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या 'लिसा' संगणकात झेड, एक्स, सी, व्ही या चार कळांवर ही कामे आली. एक्स म्हणजे खोडल्याची फुली. सी म्हणजे कॉपी. व्ही हा आपण लिहिताना राहून गेलेला शब्द घालायला ओळीत जे काकपद काढतो, त्याच्या उलट्या आकाराचा. आणि केलेले मागे घेण्यासाठी या तिघांच्या शेजारी मोकळी असलेली झेड. चारही कळा ओळीने, आज्ञेच्या कळेजवळ, डाव्या हाताच्या आवाक्यात, म्हणजे उजवा हात माऊसवर राहायला मोकळा. निवड अक्षरांच्या आकारावरून, आद्याक्षरावरून आणि जागेवरूनही झालेली. इंग्रजी मांडणीबाहेर पाऊल टाकले की हे तिन्ही निकष एकत्र राहत नाहीत.

जर्मन कळफलकावर आम्हांला याचा प्रसाद काही महिने रोज मिळत असे. चुकून पुसलेले परत आणायला बोट सवयीने ४४ वर जायचे. तिथे वाय. कंट्रोल आणि वाय म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅममध्ये 'मागे घेतलेले पुन्हा करा', म्हणजे नेमके उलटे. फ्रेंच कळफलकावर त्याहून वाईट. तिथे ४४ वर डब्ल्यू आहे आणि कंट्रोल डब्ल्यू दाबले की अनेक प्रोग्रॅम समोरची खिडकीच बंद करतात.

इथे मात्र दोष माणसाच्या सवयीचा आहे, यंत्राचा नाही. जर्मन माणूस 'झेड' छापलेली कळ दाबतो आणि त्याचे काम होते, फक्त हात थोडा लांबवावा लागतो. खरी अडचण अक्षरच रोमन नसते तेव्हा येते.

'कंट्रोल' या कळेचा इतिहास पाहिला तर हे का ते स्पष्ट होते. संगणकावर अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतात. १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'आस्की' या संकेतावलीत मोठ्या लिपीतल्या ए चा आकडा ६५, बी चा ६६, सी चा ६७ असे ठरले. द्विमान पद्धतीत ६७ म्हणजे १००००११. जुन्या दूरमुद्रकांवर कंट्रोल कळ धरली की यातला ६४ किमतीचा, डावीकडचा एक अंक शून्य होई आणि उरे ००००११, म्हणजे ३. तीन हे अक्षर नव्हते, यंत्राला दिलेली आज्ञा होती. याच हिशेबाने कंट्रोल जी म्हणजे ७१ वजा ६४, म्हणजे ७, आणि सात म्हणजे पलीकडच्या यंत्राची घंटा वाजवा. कंट्रोल एम म्हणजे १३, म्हणजे ओळीच्या आरंभी परत या. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना द्विमान पद्धत शिकवताना ही वजाबाकी फळ्यावर जरूर करून दाखवावी.

ही वजाबाकी इंग्रजी वर्णमालेवर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये 'म'चा आकडा २३५०. त्यातून ६४ वजा करून कोणतीही आज्ञा मिळत नाही. रशियन लिपीत तर याचे एक फसवे उदाहरण आहे. रशियन मांडणीत ४६ क्रमांकाच्या कळेवर जे अक्षर आहे ते दिसायला हुबेहूब रोमन सी. उच्चार 'स' असा. जागा तीच, आकार तोच, पण मोठ्या लिपीतल्या त्या अक्षराचा युनिकोड आकडा १०५७, रोमन सी चा ६७. अक्षरांची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमला ही दोन अक्षरे पूर्णपणे निराळी आहेत. रशियन माणसाने समोर दिसणारा 'सी' दाबला तरी प्रोग्रॅम म्हणू शकतो, हा सी नव्हे.

मग रशियन किंवा मराठी कळफलक चालू असताना विंडोजवर कंट्रोल सी चालते ते कसे? वाचकांपैकी अनेकांनी ते वापरले असेल. विंडोजमध्ये जागा आणि अक्षर यांच्या मध्ये तिसरी एक ओळख ठेवलेली आहे, कळेचे नाव म्हणू या. जर्मन मांडणीत २१ क्रमांकाच्या कळेचे नाव 'झेड' होते, कारण तिथे खरोखर झेड बसला आहे. पण रशियन किंवा देवनागरी मांडणीत रोमन अक्षरेच नसतात, म्हणून ४६ चे नाव 'सी' हेच कायम ठेवतात. अक्षर म्हणून विचाराल तर 'म', शॉर्टकटसाठी विचाराल तर 'सी'. मॅक संगणकावर दुसऱ्या वाटेने हेच साधले आहे. तिथे कमांड कळ धरलेली असेपर्यंत रोमन नसलेली मांडणी बाजूला होऊन रोमन मांडणी पुढे येते. ऑगस्ट ड्व्होराक यांनी १९३६ साली पेटंट घेतलेल्या इंग्रजी मांडणीत झेड, एक्स, सी, व्ही चार दिशांना विखुरलेले आहेत. ती मांडणी वापरणाऱ्यांसाठीही मॅकवर एक खास तक्ता आहे. लिहिताना ड्व्होराक, कमांड धरली की नेहमीची.

लिनक्सच्या रूढ खिडकी-पद्धतीत प्रोग्रॅमपर्यंत पोचत ती जागा आणि अक्षर. ज्या प्रोग्रॅमने फक्त अक्षर विचारले, त्याला आमच्या कंट्रोल एसच्या वेळी उत्तर मिळाले, 'एकाराची मात्रा'. इनस्क्रिप्टमध्ये एसच्या कळेवर तीच आहे. 'कंट्रोल आणि एकार' अशी आज्ञा त्याच्या यादीत नव्हती, म्हणून त्याने ती सोडून दिली. प्रोग्रॅम स्वतःच्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागला होता! आताचे बहुतेक प्रोग्रॅम अक्षर ओळखीचे नसेल तर एक पायरी पुढे जातात. संगणकावर रोमन मांडणीही बसवलेली असेल, तर त्या मांडणीत याच जागेवर कोण आहे ते पाहतात. मराठीसोबत इंग्रजी मांडणीही यादीत ठेवावी ती यासाठी.

एक अवांतर गोष्ट. शॉर्टकटचे अक्षर कधीकधी भाषेसाठी मुद्दाम बदललेले असते. वर्ड या प्रोग्रॅमच्या स्पॅनिश आवृत्तीत सेव्ह करण्यासाठी कंट्रोल जी आहे, कारण जपून ठेवणे म्हणजे 'ग्वार्दार', आणि त्याचे आद्याक्षर जी. तिथे कंट्रोल एस दाबले तर शब्दाखाली रेघ येते, कारण अधोरेखित म्हणजे 'सुब्रायादो'. स्पॅनिश भाषकाला हे सोपे वाटावे असा हेतू, पण तोच माणूस दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेला की गोंधळतो. आम्हांला ही सोय फारशी पटत नाही.

आता पोलंडच्या कोड्याकडे वळू. पोलिश टंकलेखकांची स्वतंत्र मांडणी होती, पण संगणकावर चलन झाले ते 'प्रोग्रॅमरांची मांडणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे. तिच्यात कळफलक अमेरिकन धाटणीचाच. उजव्या बाजूची आल्ट कळ धरून ए दाबला की शेपटीचा ए, एल दाबला की छेदाचा एल, एस दाबला की रेघेचा एस. युरोपात या उजव्या आल्टला 'आल्ट जीआर' म्हणतात आणि कळेवर तसे छापलेलेही असते.

अडचण या कळेच्या पूर्वजात आहे. १९८१ च्या पीसीच्या कळफलकावर ८३ कळा होत्या आणि आल्ट एकच होती, डावीकडे. ज्यांच्याकडे उजवी आल्ट नाही त्यांनी काय करावे? तर कंट्रोल आणि आल्ट एकत्र धरावे, असा तोडगा निघाला. पुढे उजवी आल्ट आली, तरी जुन्या कळफलकांसाठी हे समीकरण विंडोजने राखले : आल्ट जीआर बरोबर कंट्रोल अधिक आल्ट. म्हणजे पोलिश माणूस उजवी आल्ट आणि एस दाबतो, तेव्हा विंडोज प्रोग्रॅमला सांगते की कंट्रोल, आल्ट आणि एस या तीन कळा दाबल्या गेल्या आहेत.

आणि मीडियमने काय केले होते? त्या संकेतस्थळावर मजकूर आपोआप सेव्ह होतो. तरीही आमच्यासारखी सवयीची माणसे कंट्रोल एस दाबतातच, आणि मग ब्राउझर 'हे पान कुठे साठवू?' असे विचारत मध्ये येतो. हा त्रास टाळण्यासाठी तिथल्या मंडळींनी एक पहारा बसवला. कंट्रोल दाबलेली आहे आणि एस आला, तर तो गिळून टाकायचा. आल्टही दाबलेली आहे का, हे पहारेकरी पाहत नव्हता. पोलिश 'एस' कंट्रोलला सोबत घेऊनच येत होता, त्यामुळे तो दारातच अडवला जाई. बाकीच्या आठ अक्षरांच्या कळांवर असा पहारा नव्हता. दुरुस्ती एका अटीची होती : कंट्रोल दाबलेली असावी, आणि आल्ट दाबलेली नसावी.

सदिच्छेने लिहिलेल्या एका ओळीने एका भाषेचे एक अक्षर बंद पाडले. इंग्रजी कळफलकावर कितीही वेळा तपासले असते तरी ते सापडले नसते. 'प्रोग्रॅम तपासून पाहिला' असे कुणी सांगितले, तर कोणत्या मांडणीवर तपासला हे आम्ही तेव्हापासून विचारतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमना आता दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. कळ कोणत्या जागेवरची, आणि त्या कळेने कोणते अक्षर दिले? केव्हा काय विचारायचे ते मात्र लिहिणाऱ्याने ठरवायचे आहे. धावण्याच्या, गोळीबाराच्या खेळांत डब्ल्यू, ए, एस, डी या कळांनी पुढे, डावीकडे, मागे, उजवीकडे जातात. इथे अक्षराला काही अर्थ नाही, उलट्या 'टी'सारख्या आकाराला आहे. म्हणून जागा विचारावी. अक्षर विचारले तर फ्रेंच मुलाच्या हाताखाली तो आकार मोडतो, कारण तिथे त्याच चार जागांवर झेड, क्यू, एस, डी आहेत. याउलट छापण्यासाठी कंट्रोल पी आहे ते 'प्रिंट'च्या पी वरून, तिथे अक्षर विचारावे. कंट्रोल झेडसाठी जागा विचारणारा प्रोग्रॅम जर्मन माणसाला भलताच फसवतो. तो कळेवर छापलेला झेड दाबतो, जागा निघते २१, आणि प्रोग्रॅमच्या लेखी २१ म्हणजे वाय. मागे घ्यायला सांगितलेले काम पुन्हा केले जाते. आमच्यासारख्यांसाठी शहाणा क्रम असा : आधी अक्षर पाहावे, ते रोमन नसेल तरच जागेवरून अंदाज करावा.

हे सर्व परदेशीच आहे असे वाटू नये म्हणून शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाच्या नव्या चिन्हाला मान्यता दिली. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे ते रेखाटन. विंडोजच्या 'इंग्रजी, भारत' या मांडणीत हे चिन्ह उजवी आल्ट आणि ४ यांवर आहे, म्हणजेच कंट्रोल, आल्ट आणि ४ यांवरही. दुसरीकडे गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, आल्ट आणि ४ दाबणे म्हणजे 'या ओळीला चौथ्या पातळीचे शीर्षक करा' अशी आज्ञा आहे. दोघांची मागणी एकाच कळजोडीवर.

विद्यार्थ्यांना आधी नोटपॅडमध्ये दोन्ही प्रकारे रुपया लिहायला सांगावे, मग गूगल डॉक्समध्ये. एकदा उजवी आल्ट वापरून, एकदा डावीकडच्या कंट्रोल आणि आल्ट वापरून. रुपया उमटला की शीर्षक झाले, ते प्रत्येक वेळी वहीत नोंदवावे. त्यानंतर कळफलक 'इंग्रजी, अमेरिका' करून हेच पुन्हा करावे. दोन गटांची उत्तरे जुळली नाहीत, तर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्या वेळी कोणती मांडणी निवडलेली होती ते आधी पाहावे. ती नोंद न ठेवल्याने आमची पहिली दोन निरीक्षणे टाकून द्यावी लागली.